सर विश्वेश्वरय्या आणि आपले हैदराबाद



२०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाल्याची बातमी २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर ती बातमी वाचून झाली आणि आठवीतल्या एका मुलाने विचारले, की मग आपल्या हैदराबादला का नाही मिळाली? अशा स्पर्धा घ्यायला शहराकडे असावे तरी काय लागते? मी तोच प्रश्न वर्गावर्गांत विचारला. मुलांनी फळ्यावर भराभर यादी लिहिली. मोठे स्टेडियम, विमानतळ, हॉटेले, मेट्रो, पोलीस बंदोबस्त, टीव्हीचे कॅमेरे. एकाने चांगली बिर्याणी असेही लिहिले, आणि ते मी पुसले नाही. पण सहा वर्गांच्या सहा फळ्यांवर दोन शब्द कुठेच नव्हते. पाणी आणि गटार.

मुलांना दोष देण्याचे कारण नाही. मागे आपल्याच शाळेच्या पटांगणावर आंतरशालेय कबड्डी स्पर्धा झाल्या, तेव्हा आम्हा मोठ्यांच्या यादीतही ते शब्द नव्हते. मैदान आखले, मंडप घातला, पाहुण्यांसाठी शाली आणल्या. अकरा शाळांचे संघ आले. बारा वाजता टाकीतले पाणी संपले आणि त्यानंतर मुलींच्या स्वच्छतागृहाची जी अवस्था झाली, ती इथे लिहिण्यासारखी नाही. दोन संघांच्या शिक्षिका सामना अर्धवट सोडून आपल्या मुलींना घेऊन गेल्या. स्पर्धा आपण भरवली होती, पण ती भरवण्याची आपली तयारी नव्हती.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून एका माणसाचे चरित्र सांगायचे ठरवले आहे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपण दरवर्षी अभियंता दिन म्हणून साजरा करतो, त्यांच्या फोटोला हार घालतो. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. आमच्या पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर धडा होता, पण त्यात म्हैसूरचे मोठे धरण होते, हैदराबादचे नावही नव्हते. या शहरात येऊन पुष्कळ वर्षे झाल्यावर मला कळले, की आपल्या नळाशी आणि आपल्या नदीशी या गृहस्थांचा किती जवळचा संबंध आहे. आणि त्यांनी हे सारे शिकले कुठे, तर आपल्या पुण्यात, नाशकात आणि खानदेशात!

विश्वेश्वरय्या यांचा जन्म १८६० साली म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. घराणे मूळचे आजच्या आंध्र प्रदेशातील मोक्षगुंडम गावचे, घरची भाषा तेलुगू. वडील संस्कृतचे विद्वान होते, पण घरात पैसा बेताचाच. वडील लहानपणीच वारले. चिक्कबळ्ळापूरची शाळा झाल्यावर मुलगा बंगळूरला आला आणि शिकवण्या करून स्वतःचा खर्च भागवत सेंट्रल कॉलेजातून १८८१ साली बी. ए. झाला. म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली, म्हणून त्याला पुण्याच्या सायन्स कॉलेजात अभियांत्रिकी शिकता आली. १८८३ च्या परीक्षेत तो पहिला आला आणि लगेच मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून लागला. पहिली नेमणूक नाशिकला.

नोकरीतले सुरुवातीचे एक काम खानदेशात पांझरा नदीवर होते. नदीच्या पात्राखालून नळ टाकून पाणी पलीकडे न्यायचे. पावसाळा आला आणि वाहून येणारी वाळू झालेले काम बुजवू लागली. काम थोडे पुढे ढकलावे असे या तरुणाने वरिष्ठांना कळवले, ते वरिष्ठांना मुळीच आवडले नाही. मग तक्रार न करता पावसातच त्याने ते काम पुरे करून दाखवले. पांझरेकाठच्या शेतकऱ्यांची फड पद्धत तर त्याच्याही कितीतरी आधीची आहे. गावाने मिळून बंधारा सांभाळायचा आणि पाणी पाळीपाळीने घ्यायचे, अशी ती रीत. पुढे पुणे भागात पाटबंधाऱ्यांचे काम पाहताना विश्वेश्वरय्या यांनी पाणी ठरावीक पट्ट्यांना आळीपाळीने देण्याची योजना आखली. त्यामुळे थोड्या गावांनी सगळे पाणी घ्यावे आणि बाकीच्यांनी बघत बसावे हे कमी झाले.

मधल्या काळात त्यांना सिंधमधील सक्कर शहराला पाणी देण्यासाठी पाठवण्यात आले. तिथे सिंधू नदी दाराशी, पण पाणी गढूळ. गाळण्याचे मोठे हौद बांधायला नगरपालिकेकडे पैसे नव्हते. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूतून झिरपत येणारे पाणी आपोआप स्वच्छ होऊन विहिरीत उतरू लागले. निसर्ग जे काम फुकट करतो त्याला पैसे का मोजावेत, असा त्यांचा हिशेब असे.

पुण्याजवळच्या खडकवासल्याचे काम सर्वांत प्रसिद्ध आहे. तिथल्या तलावाच्या सांडव्यावरून पावसाळ्यात पुष्कळ पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात तेच कमी पडे. धरण उंच करणे खर्चाचे होते. विश्वेश्वरय्या यांनी सांडव्यावर आपोआप उघडमीट करणारे दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेले की दरवाजे स्वतःच उघडत, पातळी उतरली की मिटत. माणूस जागेवर असो वा नसो, काम होत असे. १९०३ साली हे दरवाजे बसले आणि तलावात काही फूट पाणी जास्त मावू लागले. भिंत तीच, पाणी अधिक. पुण्याच्या वास्तव्यात रानडे, गोखले अशा मंडळींशी त्यांचा परिचय झाला. विज्ञानाच्या शिक्षकांनी या दरवाजांची एक छोटी प्रतिकृती मुलांकडून करून घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

पुढे कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, विजापूर अशा अनेक गावांच्या पाण्याची कामे त्यांनी पाहिली. १९०६ साली त्यांना एडनला पाठवले. समुद्राकाठचे रखरखीत बंदर, प्यायला पाणी नाही आणि सांडपाणी जायला वाट नाही. तिथे त्यांनी दोन्हींची योजना करून दिली. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे ध्यानात ठेवा. शहरात जेवढे पाणी आणाल, तेवढे वापरून घाण होऊन पुन्हा बाहेर न्यावे लागते. आणण्याचा समारंभ होतो, नेण्याचा होत नाही, म्हणून दुसरी गोष्ट नेहमी मागे पडते. आजही आपल्याकडे कुणी मंत्री गटाराची फीत कापताना फारसा दिसत नाही.

इतके करूनही मुंबई इलाख्यात मुख्य अभियंत्याची जागा त्या काळी हिंदी माणसाला मिळणे शक्य नव्हते. हे दिसत असताना तिथेच थांबणे त्यांना पटले नाही. १९०८ साली, पन्नाशीही झालेली नसताना, त्यांनी निवृत्ती घेतली आणि जगातील शहरे पाहायला ते परदेशी गेले. या प्रवासात असतानाच हैदराबादच्या निजाम सरकारचे बोलावणे त्यांना आले. त्याचे कारण फार दुःखद होते.

२८ सप्टेंबर १९०८. मुसी नदीला आला तसा पूर या शहराने त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिलेला नाही. शमशाबादला, जिथे आज आपला विमानतळ आहे तिथे, दोन दिवसांत सुमारे १९ इंच पाऊस पडला. अनंतगिरीच्या डोंगरांकडून येणारी मुसी आणि तिला मिळणारी ईसी या दोन नद्यांच्या खोऱ्यात, शहराच्या वरच्या अंगाला, ७८८ तलाव होते. जुन्या लोकांनी एकाखाली एक असे बांधलेले. वरचा फुटला की त्याचे पाणी खालच्यावर, तो फुटला की त्याच्या खालच्यावर. असे करता करता २२१ तलाव फुटले आणि ते सगळे पाणी शहरावर आले. अफझलगंज, चादरघाट आणि मुसल्लम जंग हे तीन पूल मोडले, जुना पूल तेवढा तगला. मृतांची संख्या सुमारे १५ हजार सांगितली जाते आणि ८० हजारांवर लोक बेघर झाले. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुने चिंचेचे झाड आहे. त्या झाडावर चढून दीडशे लोकांनी जीव वाचवला. बेगम बाजार, गौळीगुडा या नदीकाठच्या वस्त्या आपल्या मराठी मंडळींच्या ओळखीच्या आहेत, त्यामुळे हा पूर आपल्याला परका नाही.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी पीडितांसाठी राजवाड्याची दारे उघडली. पण मदत वेगळी आणि उपाय वेगळा. १९०९ च्या एप्रिलमध्ये विश्वेश्वरय्या हैदराबादला आले. त्यांच्याकडे तीन कामे होती. मोडलेले शहर पुन्हा कसे उभारावे, पूर पुन्हा येऊ नये म्हणून काय करावे आणि सांडपाण्याची व्यवस्था कशी लावावी.

पूर येऊ नये म्हणून काय करावे, असे तेव्हा कुणाही सामान्य माणसाला विचारले असते, तर नदीकाठी उंच भिंती बांधा असे तो म्हणाला असता. विश्वेश्वरय्या यांनी आधी शहराकडे पाहिलेच नाही. ते वर गेले. खोऱ्यात कुठे किती पाऊस पडला, पाणी किती वेळात कुठवर चढले, घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा किती उंचीवर आहेत, कोणता तलाव कधी फुटला, याची मोजणी त्यांनी करवली. आसपासच्या प्रदेशांतील जुन्या पावसाच्या नोंदी मिळवल्या. एवढे झाल्यावर त्यांचे मत बनले, की असा पाऊस पुन्हा पडणारच, कधी ते फक्त सांगता येत नाही, आणि इतके पाणी एकदम शहरातून जाऊ देणे शक्य नाही. म्हणून ते वरच अडवले पाहिजे. शहरापासून साडेआठ मैलांवर मुसीवर एक आणि साडेसहा मैलांवर ईसीवर एक, असे दोन मोठे जलाशय त्यांनी सुचवले. जलाशय काठोकाठ कधी भरायचा नाही. वरची जागा पुरासाठी रिकामी राखायची, पूर आला की पाणी त्या जागेत थांबवायचे आणि नदीला झेपेल तेवढेच हळूहळू सोडायचे.

आणि खालच्या जागेत जे पाणी राहील ते शहराला प्यायला! माझ्या मते या योजनेचे सगळे शहाणपण इथे आहे. ज्या पाण्याने हजारो माणसे मारली, तेच पाणी अडवून नळाने घरोघर द्यायचे. त्याआधी शहराला हुसेनसागर आणि मीर आलम यांसारख्या तलावांचाच आधार होता.

यासोबत नदीकाठ बांधून काढावा, काठाने रुंद रस्ते आणि बागा कराव्यात, आणि घराघरांतील मैलापाणी उघड्या मोरीतून नदीत न सोडता भुयारी गटारांतून शहराबाहेर न्यावे, असेही त्यांनी सुचवले. पुराची घटना ताजी होती, लोक घाबरलेले होते, भिंतींवर पैसे खर्च करून सगळ्यांना खूश करणे सोपे होते. पण वर्ष संपण्याच्या आतच योजना देऊन ते म्हैसूरला मुख्य अभियंता म्हणून निघून गेले.

पुढचे काम इतरांनी केले, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. आपण चरित्रे लिहिताना एकाच माणसाला सगळे श्रेय देतो. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात १९१३ साली मुसीवरच्या धरणाची पायाभरणी झाली आणि १९२० साली उस्मानसागर, म्हणजे आपण ज्याला गंडीपेट म्हणतो तो जलाशय पुरा झाला. ईसीवरचा हिमायतसागर १९२७ साली. गंडीपेटचे पाणी पंपाशिवाय, केवळ उताराने, बांधीव कालव्यातून आसिफनगरच्या गाळणी हौदांपर्यंत येत असे. भुयारी गटारांसाठी विश्वेश्वरय्या यांना १९२० च्या दशकात पुन्हा हैदराबादला बोलावले गेले आणि ते कामही पुढे झाले. पूर १९०८ चा, शेवटचे धरण १९२७ चे. मध्ये जवळजवळ वीस वर्षे गेली. ज्या निजामांनी विश्वेश्वरय्यांना बोलावले ते १९११ सालीच वारले होते. शहराला सक्षम करणारी कामे अशी असतात, सुरू करणाऱ्याला पाहायला मिळतीलच असे नाही.

१९१२ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. त्याने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते केले, नवे मोहल्ले वसवले, पत्थरगट्टी, मोअज्जम जाही मार्केट उभे केले. नदी ताब्यात आल्यामुळेच तिच्या काठावर उच्च न्यायालय, सिटी कॉलेज, उस्मानिया रुग्णालय अशा इमारती बांधता आल्या. अर्थात पाडापाडीत घरे गेली ती बहुतेक गरिबांची, आणि नव्या ठिकाणी सगळ्यांना जागा मिळाली असे मानण्याचे कारण नाही. ही बाजूही मुलांना ठाऊक असावी.

आता खेळांकडे येऊ. १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये हैदराबादच्या फतेह मैदानावर शहरातला पहिला कसोटी सामना झाला, न्यूझीलंडविरुद्ध. आपल्याच हैदराबादचे गुलाम अहमद कर्णधार होते आणि पॉली उमरीगर यांनी २२३ धावा काढल्या. कसोटीत भारतीयाने केलेले ते पहिले द्विशतक. त्याच वर्षी विश्वेश्वरय्या यांना भारतरत्न मिळाले. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मला तो योग आवडतो. हे मैदान मुसीपासून फार लांब नाही. नदी बेभरवशाची असती आणि नळाला पाणी नसते, तर तिथे हजारो प्रेक्षक पाच दिवस बसवण्याची हिंमत कुणी केली असती?

पुढे याच मैदानावर, तोवर ते लाल बहादूर स्टेडियम झाले होते, १९८७ च्या विश्वचषकातील न्यूझीलंड आणि झिंबाब्वे यांचा सामना झाला. डेव्ह हॉटन यांनी १४२ धावा करूनही झिंबाब्वे तीन धावांनी हरले, तो सामना आजच्या पालकांपैकी काहींनी पाहिला असेल. २००२ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या आणि त्यासाठी गच्चीबावलीची स्टेडियमे उभी राहिली. २००३ साली २४ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर या काळात पहिल्या आफ्रो-आशियाई क्रीडा स्पर्धा आपल्याकडे झाल्या. २००७ साली जागतिक लष्करी क्रीडा स्पर्धा, २००९ साली जागतिक बॅडमिंटन स्पर्धा, २०२३ साली उप्पलला विश्वचषकाचे तीन सामने. म्हणजे हैदराबादला काही मिळत नाही, ही त्या विद्यार्थ्याची समजूत तितकीशी बरोबर नाही.

पण २००३ साली आपल्या घरांत नळाला पाणी एक दिवसाआड येत होते, हेही मला चांगले आठवते. दूरदर्शनवर उद्घाटनाची आतषबाजी पाहिली आणि लगेच उठून बादल्या भरून ठेवल्या. स्टेडियम काही महिन्यांत उभे राहते. पाण्याचे तसे नाही.

हे फक्त आपल्या देशाचे दुखणे आहे असे नाही. २०१६ साली रिओ येथे ऑलिंपिक झाले. ज्या खाडीत नौका शर्यती व्हायच्या, तिच्यात शहराचे मैलापाणी जात होते. ते शुद्ध करून सोडण्याचे वचन स्पर्धा मागताना दिले होते, ते पाळता आले नाही. २०२४ साली पॅरिसने सीन नदीत पोहण्याच्या शर्यती ठरवल्या. शंभर वर्षे त्या नदीत पोहायला बंदी होती. सुमारे १.४ अब्ज युरो खर्च करून तिथे नदी स्वच्छ करण्याची कामे झाली. त्यांतले एक म्हणजे जमिनीखाली बांधलेली ५० हजार घनमीटरची टाकी. मोठा पाऊस आला की जास्तीचे पाणी तिच्यात थांबवायचे आणि मग हळूहळू सोडायचे. १९०९ सालच्या हैदराबादच्या योजनेची आठवण होते ना? तरीही ऐन स्पर्धेत पाऊस झाला, नदीचे पाणी बिघडले आणि पुरुषांची ट्रायथलॉन एक दिवस पुढे ढकलावी लागली. सगळे जग पाहत होते, आणि पाहत होते ते पॅरिसच्या गटारांकडे.

विश्वेश्वरय्या यांच्या उरलेल्या आयुष्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेक पुस्तकांत मिळते. म्हैसूरला कावेरीवरच्या कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ साली सुरू झाले. १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना ही त्या काळातली कामे. १९१५ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. वयाच्या बाणाव्या वर्षी गंगेवर मोकामा येथे पूल कुठे बांधावा हे पाहायला ते स्वतः गेले होते. वेळ पाळण्याबाबत आणि कपड्यांच्या टापटिपीबाबत ते फार कडक होते, हे आपल्या शाळेतील उशिरा येणाऱ्या मंडळींसाठी लिहून ठेवतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले, तेव्हा विश्वेश्वरय्या शंभर वर्षांचे होते आणि हयात होते. ज्या धरणावर त्यांनी तरुणपणी दरवाजे बसवले, ते त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. १९६२ च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांनी योजना केली तेव्हा हैदराबादची वस्ती सुमारे पाच लाख होती. आज ती एक कोटीच्या घरात आहे. आता पाणी मांजरा, कृष्णा, गोदावरी अशा लांबच्या नद्यांतून आणावे लागते. मैलापाण्याचे प्रमाण वाढले, ते मुसीत जाऊ लागले आणि ज्या नदीकाठी बागा असाव्यात असे त्यांना वाटले, तिथून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो. तलाव भरून त्यांवर घरे झाली. २००० च्या ऑगस्टमध्ये आणि २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मोठ्या पावसाने वस्त्याच्या वस्त्या पाण्यात गेल्या. २०२५ च्या सप्टेंबरच्या अखेरीस उस्मानसागर आणि हिमायतसागरचे दरवाजे उघडावे लागले, मुसी चढली आणि महात्मा गांधी बस स्थानकात पाणी शिरले. नांदेड, लातूर, सोलापूरला जाणाऱ्या गाड्या आपण जिथून पकडतो, तेच हे स्थानक. रात्री अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढावे लागले. हे स्थानक नदीच्या पात्रातच आहे. १९०८ च्या पुराला त्या आठवड्यात ११७ वर्षे होत होती. दोन्ही जलाशय मध्ये नसते तर काय झाले असते, याचा हिशेब दहावीच्या मुलांनी भूगोलाच्या तासाला जरूर मांडावा.

राहिली आपली कबड्डी. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत यंदा पुन्हा स्पर्धा भरवण्याचा विषय निघाला, आणि पटांगणाला प्रेक्षकांसाठी पायऱ्या बांधाव्यात असे ठरत होते. मी मागच्या वेळच्या त्या दुपारची आठवण करून दिली. चर्चा बरीच झाली, थोडी गरमागरमही झाली. शेवटी पायऱ्यांचा खर्च पुढच्या वर्षावर टाकून दहा हजार लिटरची नवी टाकी, मुलींसाठी चार नवी स्वच्छतागृहे आणि मागच्या गल्लीतल्या मुख्य गटारापर्यंत नवी पाइपलाइन, अशी कामे मंजूर झाली. दिवाळीच्या सुट्टीत काम सुरू होईल, त्यामुळे शाळेचे मागचे फाटक तेव्हा बंद राहील, पालकांनी नोंद घ्यावी. स्पर्धा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात घेण्याचे ठरले आहे. मागच्या वेळी सामना सोडून गेलेल्या दोन्ही शाळांना पहिले निमंत्रण मी स्वतः जाऊन देणार आहे.